आधी मांडी बरी होऊ दे

चि. दादू,
अनेक आशीर्वाद.

पुण्याला पोचलास हे आक्काकडून कळलं. माझ्याशी अबोला धरलायस, धर. मांडीचं तेवढं सांग. जिना उतरताना अजून कळ येते का?

भांडण उकरायला लिहीत नाही. "रोसित्स्की दीड वर्षानं परत आला, मला सहा आठवड्यांच्या विश्रांतीचं काय सांगता," असं उंबऱ्यातून म्हणालास, ते डोक्यातून जात नाही. अरे, तो चेक फुटबॉलपटू दीड वर्ष थांबला होता! जानेवारी 2008 मध्ये इंग्लंडच्या एफए कपात आर्सेनल क्लबकडून न्यूकॅसलविरुद्ध खेळताना सुरुवातीलाच दुखावून बाहेर आला. युरो कप हुकला, आर्सेनलचा पुढचा अख्खा मोसम गेला. सप्टेंबर 2009 मध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध उतरला आणि गोल केला. तुला तो गोल आठवतो, मला त्याआधीचे महिने दिसतात.

तुमचा ट्रेनर इंजेक्शन घेऊन खेळ म्हणतो. त्याला पुढचा सामना काढायचाय, पाय तुझा आहे. स्नायू पुरता भरून यायच्या आधी पळालास तर तिथंच परत फाटतो, हे डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं. पण तू ऐकशील तर... बघ, लागलो भाषण द्यायला. राग मानू नकोस.

खरं तर काल 2006 चा वर्ल्ड कप आठवत होतो. गेल्सेनकिर्शनला चेक विरुद्ध अमेरिका. कोलरचा हेडर झाला होता, मग रोसित्स्कीनं लांबूनच असा हाणला की गोलकीपरला काही करता आलं नाही. तिसराही त्याचाच. तू पेंगत होतास, आरडाओरडा ऐकून उठलास आणि पलंगावर नाचलास. बापू म्हणाले, एवढासा किडकिडीत पोरगा, पायात केवढी ताकद! पुढं मोठा झाल्यावर त्याच्यासारखाच बुटाच्या बाहेरच्या कडेनं गल्लीतल्या भिंतीवर चेंडू मारत बसायचास, पोपडे निघेपर्यंत. शाहू स्टेडियमवर तसाच पास दोघांच्या मधून काढलास, तेव्हा मागच्या पायरीवर कुणीतरी विचारलं, "कुणाचं पोरगं हे?" माझं म्हणून सांगायचं होतं, आवाजच फुटला नाही.

पण दादू, थांबूनसुद्धा त्याचं शरीर त्याला दगा देत राहिलं, याचीच मला भीती वाटते. जानेवारी 2016 मध्ये बर्नलीविरुद्ध कितीतरी महिन्यांनी बदली म्हणून आला आणि त्याच सामन्यात दुखावला. आर्सेनलकडून तो शेवटचा. दुखावली तीही मांडीच. मग आपल्या स्पार्टा प्रागला परतला, डिसेंबर 2017 मध्ये निवृत्त झाला. व्यावसायिक फुटबॉलला लागतं तसं शरीर आता तयार करता येत नाही, असं त्यानंच सांगितलं. देशासाठी 105 सामने खेळलेला माणूस! पुढं स्पार्टाचाच स्पोर्टिंग डायरेक्टर झाला, 2023 मध्ये क्लबनं लीग जिंकली. खेळ सुटला तरी माणूस फुटबॉलमध्ये राहतो, असं मी तुझ्या आईला समजावतो. मला स्वतःला ते पटत नाही. तू खेळतानाच बघायचाय मला, अजून पुष्कळ वर्षं.

गुरुवारी मामा पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर जाऊन सोनोग्राफी करून घे, पैसे खात्यात टाकलेत. रिपोर्ट येईपर्यंत बूट घालू नकोस. मी येऊ का? हो म्हण, रात्रीच्या गाडीनं निघतो.

तुझे,
बाबा