मतदानाच्या आदल्या संध्याकाळीच लागलेला निकाल

महोदय,

तिकीटवाटपाबद्दल आपल्या अंकात आलेल्या लेखाचा सूर असा होता, की अमेरिकेत उमेदवार हायकमांड ठरवत नाही, साधे मतदार ठरवतात. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या ठोक्यापर्यंत एबी फॉर्मसाठी चाललेली पळापळ ज्याने पाहिली आहे, त्याला हे ऐकून बरे वाटणारच. मलाही वाटायचे. पण 2016 च्या जूनमध्ये मी मुलीकडे एडिसनला, म्हणजे न्यू जर्सीत होतो. तिथे जे पाहिले त्यानंतर हा सूर मला तितकासा लागत नाही.

मुलीला नागरिकत्व नुकतेच मिळाले होते आणि हे तिचे पहिलेच मतदान. 7 जूनला प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठीचे मतदान होते. कोणत्याच पक्षात तिची नोंद नव्हती, पण न्यू जर्सीत अशा मतदाराला मतदानाच्या दिवशी केंद्रावरच पक्ष सांगता येतो. तिने डेमोक्रॅटिक पक्षाकडून मत द्यायचे आणि हिलरी क्लिंटन यांचे प्रतिस्पर्धी सँडर्स यांना द्यायचे असे ठरवले होते. 6 तारखेच्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो आणि तिच्या फोनवर बातमी आली : हिलरी क्लिंटन यांना उमेदवारीसाठी लागणारा, पक्षाच्या अधिवेशनात मत देणाऱ्या प्रतिनिधींचा आकडा मिळाला. मला वाटले, कुठल्या तरी राज्याचा निकाल लागला असेल. तसे नव्हते. एका वृत्तसंस्थेने पक्षाच्या सुपरडेलिगेटना, म्हणजे लोकांनी न निवडता पदामुळेच अधिवेशनात मत मिळणाऱ्या नेत्यांना, फोन करून तुम्ही कोणाकडे, असे विचारले होते आणि त्यांच्या उत्तरांची बेरीज केली होती. शेवटी ज्यांच्यामुळे आकडा पार झाला त्यांची नावेही जाहीर झाली नाहीत. दुसऱ्या दिवशी न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियासह सहा राज्ये मतदान करणार होती. कॅलिफोर्निया म्हणजे लोकसंख्येने देशातले सर्वांत मोठे राज्य! रिपब्लिकनांकडे तर मेच्या पहिल्या आठवड्यातच क्रूझ आणि केसिक यांनी माघार घेतली होती, ट्रम्प एकटेच उरले होते.

मुलगी दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी मत देऊन आली. मी गाडीत बसून होतो. परत आल्यावर म्हणाली, ‘‘बाबा, वरातीमागून घोडं.’’

न्याय म्हणून हेही सांगतो, की क्लिंटनबाई सुपरडेलिगेटांच्या जोरावर जिंकल्या हे खरे नाही. सँडर्स यांच्यापेक्षा त्यांना पस्तीस लाखांहून अधिक मते जास्त होती. माझी तक्रार वेगळी आहे. फेब्रुवारीत न्यू हॅम्पशायरमध्ये सँडर्स 60 विरुद्ध 38 टक्के असे दणदणीत जिंकले. पण तिथले बहुतेक सुपरडेलिगेट क्लिंटन यांच्या बाजूचे असल्याने प्रतिनिधींच्या हिशोबात ते अंतर जवळजवळ पुसले गेले. वाहिन्यांच्या पडद्यावर या खासदार-गव्हर्नर-पदाधिकारी मंडळींचे आकडे लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या आकड्यांतच मिसळून दाखवत. मग उरलेल्या राज्यांतल्या माणसाला वाटणारच, की आता शर्यत संपली. 2018 मध्ये पक्षाने नियम बदलला आणि अधिवेशनातल्या पहिल्या फेरीत चुरस असेल तर या मंडळींना मत देता येणार नाही असे ठरवले. ठीक झाले, पण कोणत्या राज्याने आधी मत द्यायचे, त्या रांगेचे काय?

खरा अन्याय माझ्या मते त्या रांगेत आहे. पंगतीत पहिल्यांदा बसणाऱ्याला जिलबी गरम मिळते, शेवटच्याला वाढप्याचा चेहरा पाहायला मिळतो. आयोवा हे राज्य 1972 पासून 2020 पर्यंत डेमोक्रॅटांच्या पहिल्या पानावर बसत आले. लोकसंख्या 32 लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या जिल्ह्याएवढी, आणि त्यातले बहुसंख्य गोरे. न्यू हॅम्पशायर त्याहून लहान, पण ‘आमची प्रायमरी सर्वांच्या आधीच’ असा त्यांच्या राज्याचा कायदाच आहे. या दोन ठिकाणी मागे पडलेल्याची देणगी आटायची, बातम्यांतली जागा आटायची, आणि मोठ्या राज्यांची पाळी येईपर्यंत तो मैदानात नसायचा. शिवाय आयोवातल्या डेमोक्रॅटांचे तेव्हाचे ते कॉकस, म्हणजे प्रायमरीऐवजी भरणारी सभा! थंडीतल्या संध्याकाळी सात वाजता शाळेच्या हॉलमध्ये जमायचे आणि आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे. रात्रपाळीच्या नर्सने काय करायचे? गुप्त मतदान तर सोडूनच द्या. 2020 मध्ये आकडे कळवण्याचे अ‍ॅपच बिघडले आणि निकालाला कित्येक दिवस लागले. अखेर सँडर्स यांना मते जास्त आणि दुसरे उमेदवार बुटिजिज यांना प्रतिनिधी जास्त, असा हिशोब निघाला.

रिपब्लिकन पक्षाकडे मोजण्याचीच तऱ्हा और. 2016 मध्ये साउथ कॅरोलिनात ट्रम्प यांना एक तृतीयांशाहून किंचित कमी मते पडली आणि प्रतिनिधी मिळाले पन्नासपैकी पन्नास. विरोधातली दोन तृतीयांश मते पाच जणांत वाटली गेली आणि त्या राज्यापुरती शून्यात जमा झाली. फ्लोरिडातले 99 प्रतिनिधीही असेच एकगठ्ठा गेले. डेमोक्रॅटांकडे प्रमाणात वाटप असते, पण 15 टक्क्यांखाली राहिलात तर हाती काही नाही. आणि टपालाने आधीच मत पाठवून दिलेल्या माणसाची गत तर विचारूच नका. 2020 मध्ये सुपर ट्यूसडे, म्हणजे चौदा राज्यांचे एकाच मंगळवारी मतदान, 3 मार्चला होते. बुटिजिज 1 तारखेला आणि आणखी एक उमेदवार क्लोबुचर 2 तारखेला शर्यतीतून बाहेर पडले, त्यांना आधीच पाठवलेली मते वाया.

मतदार कोणाला म्हणायचे, हाही राज्यागणिक वेगळा मामला. शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये पक्षात नोंद असेल तरच मत. 2016 ची तिथली प्रायमरी 19 एप्रिलला होती, आणि आधीच नोंदलेल्या मतदाराला पक्ष बदलायची किंवा नव्याने निवडायची मुदत त्याआधीच्या वर्षी ऑक्टोबरमध्येच संपली होती. ही मुदत चुकल्यामुळे खुद्द ट्रम्प यांची मुलगी इवांका आणि मुलगा एरिक यांना वडिलांना मत देता आले नाही. त्यांचे काही अडले नाही म्हणा. अडते ते दोन नोकऱ्या करणाऱ्याचे, ज्याला एप्रिलची निवडणूक ऑक्टोबरात आठवत नाही.

आणि 2024? बायडेन यांना प्रायमऱ्यांत एक कोटी चाळीस लाखांहून अधिक मते पडली. 21 जुलैला त्यांनी माघार घेतली आणि दोन आठवड्यांत प्रतिनिधींच्या ऑनलाइन मतदानाने कमला हॅरिस उमेदवार झाल्या. वेळच नव्हता, दुसरा मार्ग काय होता, हे मला मान्य आहे. पण याला ‘साध्या मतदारांनी ठरवले’ म्हणता येणार नाही. 1968 मध्ये डेमोक्रॅटांचे हम्फ्री एकही प्रायमरी न लढता उमेदवार झाले तेव्हा पक्षाच्या अधिवेशनावेळी शिकागोत रस्त्यावर डोकी फुटली होती आणि त्यानंतरच आजची पद्धत आली. आपल्याकडेही 2014 च्या लोकसभेआधी काँग्रेसने मोजक्या मतदारसंघांत प्रायमरी घेऊन पाहिली, आपले लातूर त्यात होते. वडोदऱ्यात त्यातून नरेंद्र रावत निवडले गेले. पण समोर नरेंद्र मोदी उभे राहिले तसे रावत बाजूला झाले आणि तिकीट मधुसूदन मिस्त्री यांना गेले. तेव्हा पद्धत आणायचीच असेल तर मतदारयादी कोणाची, पहिली पाळी कोणाची आणि निकाल फिरवायचा अधिकार कोणाकडे, हे आधी छापून घ्या. आपल्या लेखात या तिन्हींबद्दल अवाक्षर नव्हते.

मुलीच्या घरी आलेली नमुना मतपत्रिका मी तेव्हा चाळली होती. जिल्हा पक्षसमितीने पाठिंबा दिलेली सगळी नावे, राष्ट्राध्यक्षपदापासून स्थानिक पदांपर्यंत, एकाखाली एक सरळ ओळीत, आणि बाकीचे कुठे तरी कडेला. मला ती छपाईची चूक वाटली. मुलगी म्हणाली, चूक नाही, यालाच इथे ‘लाइन’ म्हणतात. म्हणजे हायकमांड तिथेही होते, फक्त मतपत्रिकेच्या मांडणीत बसलेले. 2024 मध्ये सिनेटचे उमेदवार अँडी किम यांनी या ओळीविरुद्ध कोर्टात दाद मागितली आणि मार्चअखेरीस न्यायाधीशांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ती बंद केली. त्या मेमध्ये मुलीने नव्या मतपत्रिकेचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. प्रत्येक पदाची वेगळी चौकट, पदासाठी उभे असलेले सगळे एकत्र. खाली तिने लिहिले होते, की राष्ट्राध्यक्षाची चौकट आता मी सर्वांत शेवटी बघते. आधी सिनेटची वाचली, तिथे अजून काही ठरायचे आहे.

— एक वाचक, सातारा