रविवारच्या मावा-नोंदीबद्दल सूचना

मावा म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे. त्यांच्या नोंदीसाठी सर्व सभासदांनी येत्या रविवारी सकाळी ७ वाजता फणसाड अभयारण्याच्या सुपेगाव नाक्यावर जमावे. अभयारण्यात फक्त फोटो घ्यायचे, तिथलं पानही तोडायचं नाही. नमुने दुपारनंतर गावालगतच्या उंबर, पायरी आणि बांबू या झाडांवरून, मालकाला विचारूनच.

मावा चिमट्याने ओढू नका. सोंड पानात रुतलेली असते. पाय आणि शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) तुटल्या की जात ओळखता येत नाही. ८० टक्के अल्कोहोलात भिजवलेल्या बारीक कुंचल्याने अलगद उचला. एका झाडाची एकच कुपी: बिनपंखी प्रौढ १०-१५, पंखवाले मिळतील तेवढे.

चिठ्ठी पेन्सिलीने लिहून कुपीच्या आत टाका, पेनाची शाई अल्कोहोलात विरघळते. जिवंतपणीचा रंग जागेवरच लिहा, तो टिकत नाही.

पिठ्या ढेकूण आणि मावा यांत गल्लत होते. माव्याच्या पाठीवर मागच्या बाजूला दोन नळ्या पाहा; उंबर-पायरीवरच्या ग्रीनिडिया या माव्याच्या गटात त्या लांब आणि केसाळ असतात. बांबूवरच्या काही जातींत मात्र नुसती छिद्रंच दिसतात, म्हणून नळ्या नाहीत एवढ्यावरून नमुना टाकून देऊ नका.

झाडाचं नाव नक्की नसेल तर पान, साल, फळ यांचा फोटो हवाच. त्याशिवाय नोंद घेतली जाणार नाही. हुमले (पानं जोडून घरटं करणाऱ्या, चावणाऱ्या तांबड्या मुंग्या) फिरत असतील तर तेही लिहा. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला.