गणपतीला येते आहे, पण वाटी माझी मी आणते

तीर्थरूप आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

कोकणकन्येचं तिकीट कन्फर्म झालं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी कणकवलीला उतरेन आणि मिळेल त्या एसटीने देवगडला येईन. बाबा, आणायला येऊ नका, सामान फार नाही.

फोनवर बोलायला गेलं की आई पहिल्याच मिनिटाला विचारते, "काय जेवलंस गो?" मी म्हणते, "एक वाटी." वजन उतरवायच्या ऑपरेशननंतर माझं जेवण तेवढंच उरलंय, आणि मग उरलेला सगळा फोन त्या वाटीवरच जातो. म्हणून हे पत्र. बाबा, चष्मा लावा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा. मधलं गाळू नका, तुमची सवय मला माहीत आहे.

आधी मे महिन्यातल्या त्या दुपारबद्दल. पहिल्या पेटीतले हापूस होते. आईने रस काढून काशाच्या वाटीत दिला, वर चमचाभर साखर घातली, आणि मीही जानेवारीपासून आंब्याची वाट बघत होते, खोटं कशाला बोलू. अर्धी वाटी घशाखाली गेली असेल. पंधरा-वीस मिनिटांत छाती धडधडायला लागली, घाम फुटला, पोटात मुरडा आला आणि मी पडवीतल्या बाकड्यावर आडवी झाले. आईने मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका उठला नाही म्हणून दृष्ट लागल्याचं पक्कं झालं, आणि शेजारच्या काकींनी "चेडू सुकान गेला" म्हणून वर शिक्का मारला.

आई, ती दृष्ट नव्हती. बाबांना चटकन कळेल अशा भाषेत सांगते. आपल्या पोटाच्या खालच्या टोकाला एक झडप असते. ती म्हणजे एसटी डेपोतला कंट्रोलर. अन्नाची गाडी भरली, वेळ झाली की एकेक गाडी आतड्याकडे सोडते. बाबांनी उभा जन्म हेच काम केलं. माझ्या ऑपरेशनमध्ये पोटाचा वरचा एवढासा भाग, सुरुवातीला कसंबसं ३० मिली मावेल इतका, वेगळा करून सरळ पुढच्या आतड्याला जोडला आहे. या नव्या वाटेवर कंट्रोलरच नाही. गोड खाल्लं की सगळ्या गाड्या एकदम सुटतात, साखरेमागोमाग अंगातलं पाणी आतड्यात ओढलं जातं, आणि मग तो घाम, ती धडधड. डॉक्टर याला डम्पिंग म्हणतात. तुझा आंबा वाईट नव्हता. मी तो उपाशीपोटी, साखर घालून, भराभर खाल्ला, ती चूक माझी.

आता गोळ्यांचं. "साखरेची गोळी बंद झाली म्हणतंस, मग ह्यो डबो कसलो?" असं तू विचारलंस तेव्हा मी हसून वेळ मारून नेली होती. कणकवलीचा उड्डाणपूल झाल्यावर काय झालं, आठव. गोव्याच्या गाड्या वरून जायला लागल्या, खालच्या बाजारात कोण उतरतो? माझ्या आतड्याचा सुरुवातीचा तुकडा तसाच आहे. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः तिथे शोषलं जातं, आणि माझं अन्न आता तिथून जातच नाही. बी-१२ जीवनसत्त्वासाठी पोटातलं आम्ल आणि पोटातच तयार होणारा एक खास घटक लागतो, तोही आता नीट भेटत नाही. म्हणजे दोन अडचणी एकदम आहेत. ताटात येतं तेच थोडं, आणि त्यातलंही अंगी लागतं थोडं. म्हणून त्या डब्यात मल्टीव्हिटॅमिन, लोह, कॅल्शियम सायट्रेट आणि डी जीवनसत्त्व आहे. बी-१२ चं इंजेक्शन महिन्यातून एकदा. हे सगळं जन्मभर. याला औषध म्हणू नकोस, माझ्या जेवणाचाच तो भाग आहे.

यात मी स्वतः माती खाल्ली, तेही सांगते. पहिले चार महिने मी सकाळी चहाबरोबर लोहाची गोळी घ्यायचे आणि लगेच मागून कॅल्शियमची. एकदा घेतल्या की सुटलो, हा हिशोब. पाचव्या महिन्यात केसांचे पुंजके हातात यायला लागले आणि हिमोग्लोबिन ९.८ निघालं. केसांचं एक वेळ समजू शकतं. वजन झपाट्याने उतरलं की तीन ते सहा महिन्यांच्या सुमारास केस गळतात आणि पुढे बहुतेक परत येतात. पण रक्ताचं माझ्याच हाताने झालं. चहा लोह शोषू देत नाही, आणि कॅल्शियम व लोह एकमेकांच्या आड येतात. दोघांत निदान दोन तासांचं अंतर लागतं. कॅल्शियमही एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या आसपासच घ्यायचं, दिवसातून तीनदा. आता मोबाइलवर पाच गजर लावलेत. ऑफिसात माझा गजर वाजला की शेजारचा म्हणतो, "चला, आरती सुरू झाली."

हॉस्पिटलातून सुट्टी देताना जे छापील कागद दिले ते इंग्रजीत, आणि त्यात ब्रोकोली, किन्वा, सामन मासा. सामन! देवगडच्या पोरीला. बांगड्याचं नाव नाही, कुळथाचं नाही. पुढे एक आहारतज्ज्ञ बाई भेटल्या, त्यांनी तो कागद बाजूला सारला आणि विचारलं, "घरी काय शिजतं ते सांगा." तिथून माझी गाडी रुळावर आली.

त्यांचं गणित एका आकड्याभोवती फिरतं. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं. सध्या माझ्या पोटात सगळं मिळून हजारेक कॅलरी जातात, सुरुवातीला तर त्याहून पुष्कळ कमी जायच्या. एवढ्यात प्रथिनं कमी पडली की शरीर चरबीबरोबर स्वतःचे स्नायूही खायला लागतं. वजनकाट्यावर आकडा छान उतरतो आणि जिना चढताना मांड्या थरथरतात. म्हणून पहिला घास मासळीचा, डाळीचा नाहीतर पनीरचा, मग भाजी, आणि जागा उरली तर चार घास भात. आपल्याकडे नेमकं उलटं. आधी भाताचा डोंगर, मग त्याला वाट करून द्यायला आमटी.

एक मध्यम बांगडा पंधरा-सतरा ग्रॅम प्रथिनं देतो, आणि तो मऊ असल्यामुळे मला सोसतो. तारली मऊ शिजली की काट्यासकट खाता येते, तिच्यात कॅल्शियमही आलं. शिंपल्यांत, म्हणजे आपल्या तिसऱ्यांत, बी-१२ भरपूर. अंड्यात सहा ग्रॅम. आणि ज्या पिठीवर आपण वाढलो, त्या कुळथाच्या पिठात १०० ग्रॅमला २२ ग्रॅम. हे ऐकून मी खूश झाले होते. मग एक दिवस वाटीभर पिठीला किती पीठ लागतं ते मोजलं. दोन चमचे. म्हणजे जेमतेम पाच ग्रॅम. बाकी पाणी, लसूण आणि कोकम. आता मी पिठी चमचा उभा राहील इतकी घट्ट करते आणि उतरवल्यावर सायीशिवायच्या दुधाची एक चमचा पावडर त्यात मिसळते. आई, नाक मुरडू नकोस. चव बदलत नाही असं म्हणणार नाही, पण खाववते.

आता खरी अडचण. आपल्याकडे पाच दिवस गणपती, घरात मासळी नाही, अंडं नाही. ६० ग्रॅम आणायचे कुठून? मी रात्री गादीवर बसून हिशोब मांडलाय. सकाळी दुधात नाचणीची आंबील, गूळ न घालता. दुपारी काळ्या वाटाण्याचं सांबार, वाटाणे अगदी लोण्यासारखे शिजवून. तेवढंच माझं जेवण, वडे नकोत. मधल्या वेळेत टांगून ठेवलेल्या दह्याचा चक्का, मीठ-जिरं लावून, किंवा पनीरचे चार तुकडे. रात्री घट्ट पिठी नाहीतर मुगाचं घावन. इतकं करूनही पंधरा-वीस ग्रॅम कमी पडतात, म्हणून प्रथिनांच्या पावडरीचा डबा बरोबर आणते. तो देवघराच्या खोलीत ठेवणार नाही, काळजी नको. मोदक मी खाणार, पण एक, तोही जेवण झाल्यावर, आणि सारण अर्धं काढून. उकड तुझ्या हातची आहे, ती सोडवत नाही.

वाढताना एवढंच सांभाळ. सोलकढी जेवणाच्या शेवटी माझ्या हातात देऊ नकोस, अर्ध्या तासाने दे. जेवताना पाणी प्यायलं की त्या एवढ्याशा पोटात पाण्यालाच जागा जाते. तसं दिवसभरात दीड-दोन लिटर प्यायचंच असतं, पण घोट घोट. मला जेवायला अर्धा तास लागतो, एकेक घास वीस-पंचवीसदा चावते. पंगतीत सगळे उठले आणि मी एकटीच वाटी घेऊन बसले तर "बरा नाय काय गो?" विचारायला कुणाला पाठवू नकोस. आणि "माझ्यासाठी एक घास" हे तर मुळीच नको. तो एक घास जास्त झाला की छातीत दगड अडकल्यासारखं होतं आणि उलटीवाचून सुटका नसते. उलट्या लागोपाठ सुरू राहिल्या तर बी-१ संपतं, आणि ते मेंदूपर्यंत पोचणारं प्रकरण आहे, ते गमतीत घेऊन चालत नाही. डोकं दुखलं म्हणून तुझी गुडघ्याची गोळीही मला देऊ नकोस. त्या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांनी माझ्या जोडलेल्या जागी व्रण होऊ शकतो. पॅरासिटामॉल चालतं.

काकी विचारतीलच, म्हणून आकडे देऊन ठेवते. ११२ किलोवरून ८१. साखर गोळीशिवाय ताब्यात, रक्तदाबाच्या दोनपैकी एक गोळी बंद. तिसऱ्या आणि सहाव्या महिन्याच्या रक्ततपासण्या झाल्या, पुढची ऑपरेशनला वर्ष झालं की, मग दरवर्षी. हिमोग्लोबिन ११.४ वर आलंय. सुकलेय, पण आजारी नाही.

पुढचं लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. ग्रॅम मोजायची सवय लागली की ती आपल्या ताटाशी थांबत नाही. मे महिन्यात मी तुमची ताटंही मोजली. आई, तू सकाळी पेज आणि लोणच्याची फोड खातेस. दुपारी सगळ्यांचं झाल्यावर बसतेस. तोवर कालवणात डोकी आणि शेपट्या उरलेल्या असतात, मधल्या तुकड्या आमच्या पानात गेलेल्या. तू डोकं चोखत बसतेस आणि म्हणतेस, खरी चव डोक्यातच. रात्री दुधाचा चहा आणि भाकरीचा चतकोर. मी हिशोब केला तर २५ ग्रॅमच्या वर जाईना. तुझं वजन ५२. तुला ५० तरी हवेत. माझं पोट कापून लहान केलंय, तुझं तर कुणी केलं नाही. माझी वाटी बघून तुझ्या डोळ्यांत पाणी येतं, आणि त्या वाटीत तुझ्या ताटापेक्षा जास्त असतं. मोजून बघ, पटेल. जेवल्यावर लगेचचा तो चहा तेवढा तासभर पुढे ढकल.

बाबा, तुम्ही गालात हसू नका. तुमची साखरेची मेटफॉर्मिनची गोळी किती वर्षं चालू आहे? ती वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ उतरू शकतं. पायाला मुंग्या येतात म्हणून तुम्ही तळव्यांना खोबरेल चोळत बसता. कारण साखरही असेल, पण पुढच्या वेळी जामसंड्याला रक्त तपासायला द्याल तेव्हा बी-१२ तेवढं लिहून घ्या. रिपोर्टचा फोटो मला पाठवा.

गणपती पोचवले की दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि बाबा बंदरावर जाऊ. बांगडा मिळाला तर बांगडा, नाहीतर तारली. त्या दिवशी वाढणार मी, आणि आई आमच्याबरोबर बसेल. पहिली मधली तुकडी तिच्या पानात. तिने ती उचलून माझ्या ताटात टाकली तर मी खाऊ शकणार नाही, जागाच नाही, हे तिला आत्ताच सांगून ठेवा.

कुळीथ दळायला टाकशील तेव्हा किलोभर जास्त टाक, जाताना मला नेता येईल. आणि दोन-तीन दिवस आधी काळे वाटाणे निवडून ठेव, गेल्या वर्षी खडा लागला होता.

तुमची लाडकी,
बाय