‘विमानात बसलं तर चालेल ना?’ हा अर्धाच प्रश्न

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्यांचा हंगाम जवळ आला की डॉक्टरांकडे एक ठरावीक प्रश्न येऊ लागतो. तिकिटे काढून झालेली असतात, व्हिसा हातात पडलेला असतो आणि नेमके घरातले कोणीतरी आजारी पडते, किंवा जुने दुखणे डोके वर काढते. मग विचारले जाते, ‘विमानात बसलं तर चालेल ना?’ याचे उत्तर बरेचदा ‘हो’ असते आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. विमानात बसणे हे फार तर दिवसभराचे काम. पुढचे दहा-पंधरा दिवस परक्या मुलखात, आपली जुनी फाइल कोणी पाहिलेली नाही अशा रुग्णालयाच्या भरवशावर काढायचे असतात. त्याबद्दल सहसा कोणी विचारत नाही, आणि ‘फिट टू फ्लाय’ म्हणजे विमानप्रवासाला योग्य असल्याचा डॉक्टरी दाखलाही त्याबद्दल काही सांगत नाही.

आधी विमानाचे पाहू. उडत्या विमानातली हवा जमिनीवरच्यासारखी नसते. केबिनमधला दाब समुद्रसपाटीपासून साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवर असतो तितका ठेवतात. ८,००० फुटांच्या हिशेबाने पाहिले तर, जमिनीवर २१ टक्क्यांऐवजी १५ टक्के ऑक्सिजन असलेली हवा घेण्यासारखे ते आहे. धडधाकट माणसाचे ऑक्सिमीटरवरचे आकडेही तिथे नव्वदीच्या आसपास उतरतात, त्याला ते जाणवत नाही इतकेच. ज्याचे आकडे घरी बसल्या जागीच ९२-९३ आहेत त्याला उतरायला जागाच उरत नाही. जुना, साधा आणि अजूनही उपयोगी निकष असा : सपाटीवर ५० मीटर चालताना किंवा दहा-बारा पायऱ्या चढताना धाप लागत असेल तर तपासणीशिवाय उडू नये. शंका असेल तर फुप्फुसतज्ज्ञ रुग्णाला १५ टक्के ऑक्सिजनची हवा सुमारे वीस मिनिटे देऊन बघतात. प्रवासात ऑक्सिजन लागेल की नाही हे त्यातून बरेचसे स्पष्ट होते. घरच्या ऑक्सिमीटरवर सगळा भार टाकू नये. बोटे गार असली किंवा नखाला रंग असला तरी तो चुकतो, आणि आरामखुर्चीतला आकडा चालतानाचे काही सांगत नाही.

दाब कमी झाला की शरीरात कोंडलेली हवा फुगते, साधारण तीस टक्क्यांनी. सर्दीत कानाला दडे बसतात ते यामुळेच, आणि त्रास चढताना नव्हे तर बहुधा उतरताना होतो. नाकामागची नळी सुजून बंद झालेली असते, बाहेरचा दाब वाढतो आणि पडदा आत ओढला जातो. लहान मुले विमान उतरताना किंचाळतात त्यामागे बरेचदा हेच असते. पडदा फाटूही शकतो. पण कान ही त्यातल्या त्यात किरकोळ गोष्ट. डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत वायूचा बुडबुडा सोडलेला असेल तर तो पूर्ण विरेपर्यंत विमान वर्ज्य. वायूच्या प्रकारानुसार याला दोन ते सहा आठवडे किंवा त्याहून अधिकही लागतात, आणि मधेच उड्डाण केले तर दृष्टी जाऊ शकते. फुप्फुसाभोवती हवा साठली असेल तर एक्स-रेवर ती पूर्ण गेल्याचे दिसल्यानंतरही निदान सात दिवस थांबतात. पोट किंवा छाती उघडून केलेल्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दहा दिवस, गुंतागुंत नसलेल्या हार्ट अटॅकनंतर सात ते दहा दिवस आणि गुंतागुंत झाली असेल तर चार ते सहा आठवडे, असा ढोबळ हिशेब आहे. प्लॅस्टर घातल्यावर लांबच्या विमानप्रवासाआधी ४८ तास जाऊ द्यावेत. त्याआधी जायचेच झाले तर प्लॅस्टर उभे चिरून घ्यावे लागते, नाहीतर आत सूज वाढून पायाचा रक्तपुरवठा आवळला जातो.

हे आकडे किमान आहेत. दहाव्या दिवशी विमानात बसता येते म्हणजे अकराव्या दिवशी सामान ओढत शहर हिंडता येते, असे नव्हे.

विमान कंपनीकडे ‘मेडिफ’ नावाचा वैद्यकीय माहितीचा फॉर्म असतो. अर्धा प्रवाशाने भरायचा, अर्धा उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी. तो उड्डाणाच्या निदान ४८ ते ७२ तास आधी द्यावा लागतो, आणि ऑक्सिजन किंवा स्ट्रेचर हवे असेल तर त्याहूनही आधी. स्वतःचा ऑक्सिजन सिलिंडर बहुतेक कंपन्या आत येऊ देत नाहीत. मान्यताप्राप्त पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारे छोटे यंत्र चालते, पण त्या यंत्राच्या बॅटऱ्या प्रवासाच्या दीडपट वेळ पुरतील इतक्या लागतात आणि जादा बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच ठेवाव्या लागतात. व्हीलचेअर मागतानाही नेमके सांगावे : जिना चढता येतो, जिना येत नाही पण सीटपर्यंत चालता येते, की अजिबात चालता येत नाही. या तिन्हींची सोय निराळी असते. ‘व्हीलचेअर पाहिजे’ एवढेच सांगितले तर शिडीच्या पायथ्याशी खोळंबा होतो. आणखी एक गैरसमज : केबिन क्रू औषध टोचत नाहीत, भरवत नाहीत, शौचालयातही मदत करत नाहीत. त्यासाठी सोबतचाच माणूस लागतो, तोही शेजारच्या सीटवर.

आता खरी निसटणारी बाजू, म्हणजे आजार नेमका कुठल्या टप्प्यावर आहे. डेंग्यू हे याचे सर्वांत फसवे उदाहरण. ताप उतरला की घरात हायसे वाटते आणि लोक बॅगा भरायला घेतात. डेंग्यूत धोक्याचे २४ ते ४८ तास नेमके ताप उतरतानाच सुरू होतात, आजाराच्या साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान. त्याच वेळी प्लेटलेट्स घसरतात आणि रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो. पोटात सतत दुखणे, वारंवार उलटी, हिरड्यांतून रक्त, अस्वस्थपणा ही लक्षणे समुद्रावरून उडताना दिसू लागली तर कोणाच्याच हातात काही उरत नाही. ताप जाऊन दोन दिवस झाले, जेवण जातेय आणि प्लेटलेट्स चढू लागल्या आहेत, हे पाहिल्याशिवाय विमानतळाची वाट धरू नये.

केमोथेरपीचेही असेच एक वेळापत्रक असते. अनेक औषधांत डोसानंतर सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात, आणि त्या काळात ३८ अंश सेल्सिअस ताप म्हणजे तासाभरात रुग्णालय गाठण्याची वेळ. तीन आठवड्यांचे चक्र असेल तर जायचेच झाल्यास पुढच्या डोसाआधीचा आठवडा त्यातल्या त्यात बरा. डोस झाल्याबरोबर ‘आता तीन आठवडे मोकळे’ म्हणून निघणे ही उलटी चाल. डायलिसिसवरच्या रुग्णाने तिकिटाआधी तिकडच्या डायलिसिस केंद्राची लेखी तारीख घ्यावी. ही केंद्रे हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे ताजे अहवाल मागतात, आणि जागा आठवडेच्या आठवडे आधी भरलेल्या असतात. पिवळ्या तापाची लस लागणाऱ्या देशात जायचे असेल तर ती जिवंत लस आहे हे ध्यानात ठेवावे. केमो किंवा जास्त मात्रेतले स्टेरॉइड चालू असताना ती देत नाहीत. सूटपत्र मिळते, पण सूटपत्राने डास चावायचा थांबत नाही.

संसर्गजन्य आजाराचा मुद्दा थोडक्यात. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत आणि गोवरात पुरळ उठल्यावर चार दिवस प्रवास करायचा नाही. थुंकीत जंतू सापडणारा क्षयरोग असेल तर नाहीच. हे फक्त आपल्यापुरते नसते. आठ तासांहून लांबच्या विमानात असा क्षयरोगी होता असे मागाहून कळले, तर त्याच्या रांगेतल्या आणि मागच्या-पुढच्या दोन-दोन रांगांतल्या प्रवाशांचा शोध घ्यावा लागतो.

औषधांत लोक नेमक्या दोनच चुका करतात, पण महागात पडणाऱ्या. पहिली : सगळी औषधे चेक-इन बॅगेत. बॅग हरवली तर संपलेच, आणि सामानाच्या कप्प्यात इन्शुलिन गोठून वाया जाऊ शकते. पूर्ण औषधे अधिक निदान आठवडाभराची जादा, मूळ वेष्टनात, औषधाच्या मूळ रासायनिक नावाच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत हवीत. ब्रँडची नावे देशागणिक बदलतात. दुसरी चूक : इथे चालते ते तिथेही चालते असे धरून चालणे. सर्दीच्या गोळ्यांतले स्यूडोएफेड्रिन दहा टक्क्यांहून जास्त असेल तर जपानमध्ये नेता येत नाही, आणि अ‍ॅम्फेटामिन असलेली औषधे तर डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी नाहीत. ट्रॅमाडॉल, कोडीन यांसारख्या वेदनाशामकांसाठी संयुक्त अरब अमिरातीत आगाऊ परवानगी काढावी लागते. कॅन्सरच्या वेदनांवर मॉर्फिन चालू असेल तर त्या देशाच्या दूतावासाला लेखी विचारूनच निघावे. वाटेत जिथे विमान बदलायचे तो देशही यात धरायचा.

वेळेचा फरक मधुमेहात आणि फिट्सच्या आजारात त्रास देतो. पूर्वेकडे जाताना दिवस आखूड होतो, तेव्हा नेहमीचीच मात्रा घेतली तर दोन इन्शुलिन एकमेकांवर चढून साखर उतरू शकते. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो आणि मधे जादा मात्रा लागू शकते. हा तक्ता डॉक्टरांकडून घड्याळाच्या वेळांसकट लिहून घ्यावा. फिट्सच्या रुग्णाला गोळी चुकण्याइतकेच जागरण बाधते, तेव्हा रात्री दोनचे स्वस्त विमान त्याला स्वस्त पडत नाही.

विम्याबद्दल थोडे कठोरपणे लिहावे लागेल. प्रवासविम्याच्या फॉर्मवर जुना आजार लपवला तर दावा फेटाळायला कंपनीला तेवढे कारण पुरते. रुग्णालयात तपासणारा डॉक्टर जुनी औषधे पाहून तो आजार अहवालात लिहितोच, त्यामुळे लपत काहीच नाही. डॉक्टरांनी ‘जाऊ नका’ म्हटल्यावर गेलात तर बहुतेक पॉलिसी लागू होत नाहीत. पॉलिसीत चार गोष्टी शोधाव्यात : जुन्या आजाराच्या तातडीच्या उपचारांना मर्यादा किती, रुग्णाला विमानाने परत आणण्याचा खर्च आहे का, सोबतच्या नातेवाइकाचा मुक्काम लांबला तर त्याचे काय, आणि एक जण आजारी पडल्यामुळे बाकीच्यांनी प्रवास रद्द केला तर पैसे मिळतात का. शेवटचा मुद्दा कुटुंबाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आणि सर्वांत कमी वाचला जाणारा.

निर्णय मात्र बहुतेक घरांत आजार बघून होत नाही, तिकिटाचे पैसे बुडतील या धास्तीने होतो. म्हणून निर्णयाची तारीख आधी ठरवावी. निघण्याच्या सात दिवस आधी आणि तीन दिवस आधी, अशा दोन वेळा ठरवून डॉक्टरांना दाखवावे, आणि ‘असे झाले तर जायचे नाही’ हे आधीच कागदावर लिहावे : ताप, ऑक्सिजनचा अमुक आकडा, चालू औषधात बदल, नवीन वेदना. नवे औषध सुरू होऊन आठवडाही झाला नसेल तर त्याचे दुष्परिणाम विमानतळावर कळावेत अशी हौस कोणाला नसावी.

शिवाय पर्याय ‘सगळे जाऊ’ आणि ‘कोणीच नको’ एवढे दोनच नसतात. काही जण जातील, एक जण रुग्णापाशी राहील. किंवा रुग्ण आठवड्याने मागून येईल. त्यासाठी सगळ्यांची तिकिटे एकाच बुकिंगवर असतील तर ती उड्डाणाआधी कंपनीकडून वेगळी करून घ्यावी लागतात. न कळवता जातानाचे विमान सोडले तर त्या तिकिटावरची परतीची जागा बहुधा आपोआप रद्द होते, हे अनेकांना विमानतळावरच कळते. लहान मुले एकाच पालकाबरोबर जाणार असतील तर मागे राहिलेल्या पालकाचे नोटरी केलेले संमतीपत्र अनेक देशांत सीमेवर मागतात. आणि तिकडे आजारी पालक रुग्णालयात दाखल झालाच तर मुलांजवळ कोण राहील, याचे उत्तर नावानिशी तयार हवे. सोबत दोन मोठी माणसे नसतील तर आजारी माणसाने लहान मुलांना घेऊन परदेशी जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट तपासणीच्या खोलीत रोज दिसते. रुग्ण ‘मी ठीक आहे’ म्हणतो ते बरेचदा डॉक्टरांना उद्देशून नसतेच, शेजारी बसलेल्या मुलाबाळांसाठी असते. आपल्यापायी सगळ्यांची सहल बुडू नये म्हणून धाप लपवली जाते, दुखणे अंगावर काढले जाते, जिना दोनदा थांबून चढलो हे सांगितले जात नाही. तेव्हा निघण्याआधीच्या तपासणीत रुग्णाला पाच-दहा मिनिटे एकट्याने डॉक्टरांशी बोलू द्यावे, आणि घरच्यांनी तेवढा वेळ बाहेर बसावे.

आपले,
प्रवासी रुग्णांना सल्ला देणारे काही डॉक्टर