सरांची दोरी

पुणे,
रविवार, रात्री ११

प्रिय बंड्या,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या भेटलास की घाल, आत्ता वाच. माझी शुगर बरी आहे, हिचा गुडघा आहे तसाच आहे. आपल्या बेसबॉलच्या सरांबद्दल लिहायचंय.

मैदान आखायची दोरी अजून तीच आहे. ४६ फुटांवर पिचरची गाठ, ६० वर बेसची, ८४ फूट १० इंचांवर सेकंड बेसची. सेकंडच्या गाठीला तू गुंडाळलेला लाल दोरा विटून मातकट झालाय, पण गाठ सुटलेली नाही. सर दर रविवारी साडेतीनला येतात, होमवर, बॅटरच्या जागी, उभे राहतात, पर्वती उजव्या हाताला घेतात आणि दोरी ओढत सरळ सेकंडकडे चालू लागतात. नियमांच्या पुस्तकात ती रेघ पूर्व-ईशान्येला जावी असं आहे, म्हणजे उतरतं ऊन बॅटरच्या पाठीशी राहतं. सरांनी ते होकायंत्राशिवाय देवळावरून बसवलं, हे तुला मी काय सांगणार!

तीन रविवारांपूर्वी सर होमवर उभे राहिले ते हलेचनात. मग मला म्हणाले, "पर्वती कुठं गेली रे?"

बंड्या, पर्वती दिसेनाशी होऊन चार वर्षं झाली. त्या बाजूला अकरा मजली इमारत उभी राहिली, तेव्हा सरच म्हणाले होते, "असू दे, मला माहितीये ती कुठंय." मी सांगितलं, "सर, बिल्डिंगच्या मागं." "हो हो," म्हणाले आणि उलट्या बाजूला चालायला लागले. मी अडवलं नाही. सगळी फक्की मारून झाली, सेकंड बेस पाण्याच्या टाकीपाशी. पाच वाजता पोरांच्या डोळ्यांवर थेट ऊन. एका पोरीला चेंडू दिसलाच नाही, खांद्यावर बसला. फार लागलं नाही, बर्फ लावला. पण तिच्या वडिलांनी मला बाजूला घेतलं, "सरांना आता घरी बसवा." त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही, आणि तरी तेव्हापासून मी त्या माणसाशी धड बोललेलो नाही.

घरी बसवा म्हणजे काय रे? चाळीस वर्षांत या माणसानं एका पोराकडून फी घेतली नाही. पाच ग्लोव्हज आणि बावीस पोरं, इनिंग संपली की ग्लोव्ह मैदानातच ठेवून यायचं, समोरच्या टीमनं तोच घालायचा. फाटलेले चेंडू स्वतः शिवायचे, १०८ टाके, "माळेच्या मण्यांइतके" म्हणत. काकू सांगत होत्या, परवा मध्यरात्रीपर्यंत एकच चेंडू घेऊन बसले होते. साठ-सत्तरपर्यंत मोजायचे आणि पुन्हा एकपासून. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात '२०२८' लिहिलंय. लॉस एंजेलिसला बेसबॉल ऑलिंपिकमध्ये परत येतोय ना! पॅरिसला नव्हता तेव्हा किती चिडले होते.

मग मी काय केलं ते ऐक. काल रात्री टेप आणि बॅटरी घेऊन मैदानात गेलो. मोजून चारही जागी खिळे ठोकले, प्रत्येकाखाली सोड्याच्या बाटलीचं बूच. ठोकताना तुझी आठवण येत होती. तू सेकंड बेस फूटभर अलीकडे सरकवलास आणि सरांनी गेटातूनच नुसतं बघून ओळखलं, अंधार पडेपर्यंत तुला पळवलं. मी चुगली केली नव्हती. शंभराव्यांदा लिहितोय, नव्हती केली. त्यांना एका फुटाचा फरक दिसायचा.

आज सर आले. होमवर उभे राहिले, पायाखाली बूच लागलं. वाकले, अंगठ्यानं माती पुसली. मला वाटलं, आता चिडतील. काही बोलले नाहीत. दोरी सोडत गेले, लाल गाठ बरोबर दुसऱ्या बुचावर आली. फर्स्ट, थर्ड, सगळं जागच्या जागी. रेघा मारून झाल्यावर फक्कीचे हात धोतराला पुसत माझ्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, "बंड्या आला होता का?"

मी "हो" म्हटलं.

काय बोलणार होतो? केवढे खूष झाले. "मला न भेटताच गेला?" म्हणाले. "पुढच्या रविवारी येतो म्हणालाय," असंही माझ्या तोंडून निघून गेलं. आता काकूंना सांगितलंय त्यांनी, बंड्याला साबुदाण्याची खिचडी आवडते म्हणून.

तुझ्या धाकटीचं ठरल्याचं कळलं, मनापासून आनंद झाला. वहिनींना नमस्कार. रिटायरमेंटचे कागद झाले का?

शनिवारी संध्याकाळी डेक्कन क्वीननं निघ. स्टेशनवर मी येतो. ग्लोव्ह घेऊन ये, तुझा तो डावऱ्या हाताचा. सर सगळ्यांत आधी तोच बघतील.

तुझा,
कॅचर