पहाटे चारला फोन करणाऱ्या ताईंना

आमचा गोट्या सात वर्षांचा बोका. गेल्या आठवड्यात तो दिवसभर सारखा त्याच्या शी-शूच्या ट्रेमध्ये जाऊन बसायचा आणि तसाच बाहेर यायचा. मला वाटलं, पोट साफ होत नसेल. रात्री उलटी झाली, पोटाला हात लावू देईना, तेव्हा घाबरून प्राण्यांच्या दवाखान्यात फोन केला. फोन घेणाऱ्या ताईंनी एकच विचारलं, "लघवी शेवटची कधी झाली?" मला सांगता येईना. "सकाळची वाट बघू नका, आत्ता घेऊन या."

मूत्रमार्ग तुंबला होता. बोक्यांचा हा मार्ग फार अरुंद असतो. तुंबला की रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडू शकतं. डॉक्टरांनी भूल देऊन नळी घातली, सलाईन लावलं. त्यांचे उपकार आहेतच.

पण त्या ताई! त्यांनी माझी ओढणी मागून घेतली. "तुमचा वास असला की घाबरणार नाही," म्हणत तिची घडी गोट्याच्या हनुवटीखाली सरकवली, पिंजऱ्याजवळचा दिवा मालवला आणि हळूच त्याच्या कानामागे खाजवत बसल्या. पहाटे चारला त्यांचा फोन आला, "लघवीची पिशवी भरतेय हो. झोपा आता." त्यांची ड्युटी दोनलाच संपली होती, हे मला नंतर कळलं.

गोट्या आता घरी आहे. ओढणी मी अजून धुतलेली नाही, तो तिच्यावरच झोपतो. ताई, गडबडीत तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. मनापासून आभार.