स्टिकवाल्या काकांना अनावृत आभारपत्र

काका,
सा. न. वि. वि.

दर जूनमध्ये आमच्या हॉकीच्या वर्गात नवी मुलं येतात. त्यातली तुमच्या दुकानातून आलेली कोणती, हे हजेरी घेण्याआधीच कळतं, कारण त्यांच्या हातातली स्टिक त्यांच्या मापाची असते. शिकवणाऱ्याचं निम्मं काम तिथेच हलकं होतं. त्याबद्दल आभार मानायचे होतेच. पत्र अनावृत ठेवलं, कारण तुम्ही काउंटरवर जे सांगता ते तुमच्या दुकानापर्यंत न पोहोचणाऱ्या पालकांनाही कळायला हवं.

पालक आधी किंमत विचारतात आणि तुम्ही आधी मुलाची उंची बघता. मुलाला बूट घालून ताठ उभं करायचं, स्टिक अंगालगत उभी धरायची, आकडा, म्हणजे स्टिकचं खालचं वळलेलं टोक, जमिनीला टेकवायचा. वरचं टोक कमरेच्या हाडापाशी आलं की माप बरोबर. दुसरी रीत स्टिक उलटी धरून आकडा काखेत घालायची: मुठीचं टोक गुडघ्याच्या वाटीपर्यंत यावं. या रीतीनं माप जरा लांब निघतं, म्हणून नवख्यासाठी तुम्ही कमरेचंच धरता, ते आम्हाला पटतं. साधारण चार फुटांच्या मुलाला 30 इंची, साडेचार फुटांना 32 किंवा 33, पाच फुटांना 35 आणि सव्वापाचच्या पुढे मोठ्यांची नेहमीची 36.5. हा अंदाजच. शेवटचा शब्द कमरेच्या हाडाचा.

‘दोन वर्षं पुरेल अशी द्या,’ हे वाक्य तुम्ही रोज ऐकत असाल. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतला तर बाही दुमडता येते. स्टिक दुमडता येत नाही. लांब स्टिकची मूठ पोटात अडते, मग मूल डावा हात टोकावरून खाली सरकवतं आणि वर उरलेला दांडा रिव्हर्सला, म्हणजे चेंडूच्या दुसऱ्या बाजूनं खेळायला स्टिक उलटी फिरवताना, बरगडीला लागतो. ते टाळायला मूल चेंडू पायापासून लांब ठेवतं, ताठ उभं राहून खेळतं आणि पहिल्याच टॅकलला चेंडू गमावतं. उंची वाढून स्टिक मापाची होते तोवर ही ढब पक्की झालेली असते; ती मोडायला नवीन शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. फार आखूड स्टिकनं पाठ दुखते, पण ती चूक पालक क्वचितच करतात.

डावखुऱ्या मुलांच्या आयांना तुम्ही किती शांतपणे समजावता! डावखुऱ्यांची वेगळी स्टिक नसते. सपाट बाजू डावीकडेच असते, आणि गोल बाजूनं चेंडू खेळला की फाउल. सगळ्यांचाच डावा हात वर. स्टिक फिरवायची ती डाव्या मनगटानं, उजवा हात दांड्याच्या मध्यावर सैल, त्यातून दांडा फिरू द्यायचा. डावखुऱ्या मुलाला उलट हे लवकर जमू शकतं.

वजनाचं तेच. नियमानं स्टिक 737 ग्रॅमपर्यंत चालते, पण मोठ्यांच्याही बऱ्याचशा स्टिक 530 ते 550च्या आसपास असतात. छापील वजनापेक्षा तुमची परीक्षा खरी: फक्त डाव्या हातानं मूठ धरायची, आकडा जमिनीलगत ठेवायचा आणि मनगटानं दहा वेळा उलटसुलट करायचा. खांदा हलायला लागला किंवा आकडा घसरत खाली गेला, तर ती स्टिक जड.

भारताच्या हरमनप्रीत सिंगचे ड्रॅग फ्लिक, म्हणजे चेंडू स्टिकनं ओढत नेऊन मारलेले फटके, बघून आलेला प्रत्येक मुलगा ‘लो बो’, म्हणजे खाली आकड्याजवळ बाक असलेली स्टिक, मागतो. तुम्ही देत नाही, आणि गिऱ्हाईक रुसलं तरी देत नाही, याचे विशेष आभार. स्टिकचा बाक जास्तीत जास्त 25 मिलिमीटर असू शकतो आणि त्याचा सर्वांत खोल बिंदू आकड्याच्या तळापासून 200 मिलिमीटरच्या खाली येऊ शकत नाही. लो बो या मर्यादेच्या अगदी कडेला असते. चेंडू दांड्यावर धरून ओढायला ती उत्तम, पण नवख्यानं साधी हिट मारली तरी सपाट बाजू किंचित उघडी पडते आणि चेंडू हवेत उडतो. समोर दहा-बारा वर्षांची मुलं उभी असतात. सुरुवातीला 20 मिलिमीटरच्या आसपासचा, वरच्या अंगाला असलेला बाक आणि मध्यम लांबीचा आकडा, ज्याला तुम्ही मिडी म्हणता, एवढं पुरे. बहुतेकांना पुढे कित्येक वर्षं पुरतं.

स्टिकवर छापलेल्या कार्बनच्या टक्केवारीला पालक भुलतात. जास्त कार्बन म्हणजे जास्त ताठ दांडा: फटका जोरात जातो, पण आलेला चेंडू उसळून निघतो आणि हाताला झिणझिण्या येतात. चेंडू थांबवायलाच शिकणाऱ्याला फायबरग्लास जास्त असलेली, थोडी मऊ स्टिक बरी. मुरमाच्या मैदानावर खेळणाऱ्यांना तुम्ही सरळ तुतीच्या लाकडाची देता, तेही योग्य. मुरूम महागड्या आकड्याचा तळ खरवडून काढतो. पाणी मारलेल्या टर्फवर मात्र लाकूड ओल धरतं आणि चिरतं, तिथे कंपोझिटच, म्हणजे फायबरग्लास-कार्बनचीच, हवी.

दुरुस्तीबद्दल लिहायलाच हवं. जुनी ग्रिप तुम्ही पूर्ण काढून मगच नवी वरच्या टोकापासून गुंडाळता. जुनीवर नवी चढवली की मूठ जाड होते आणि लहान हातात फिरत नाही. त्यातच दांडा उघडा पडतो, तेव्हा तुम्ही नाण्यानं टकटक करत खाली येता. आवाज एकदम बद्द झाला की आतले थर सुटलेत. अशी स्टिक टेप लावून परत न देता ‘ही आता खेळायची नाही’ म्हणून सांगता. फायबरच्या कुसळांनी तळहात सोलतो, आणि धारदार किंवा खरखरीत कडा नियमातही बसत नाही.

एका बाबतीत मात्र भांडण आहे. माऊथगार्ड ‘नंतर घ्या’ म्हणू नका. चेंडू 156 ते 163 ग्रॅमचा आणि दगडासारखा कडक. दात पडायला पहिला आठवडाही पुरतो. स्टिक दोनशे रुपयांनी स्वस्त घ्यायला लावा, पण शिनगार्ड आणि माऊथगार्ड त्याच दिवशी पिशवीत घाला.

आणि विनंती: मेअखेरपर्यंत 30 ते 34 इंची स्टिक भरपूर मागवून ठेवा. 36.5 कुठेही मिळते, लहान मापंच नेमकी संपतात. मुलांना आखूड झालेल्या स्टिक आम्ही गोळा केल्या आहेत, ग्रिप बदलण्यासाठी या शनिवारी पाठवतो. बिल वर्गाच्या नावानं करा, यंदा फुकट करू नका.

आपले,
सकाळच्या हॉकी वर्गाचे प्रशिक्षक